उलटीची गोळी

ती गोळी मी दिली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर घरात बरीच चर्चा झाली. कोणी टाकीतल्या पाण्याला दोष दिला, कोणी क्लासबाहेरच्या वडापावला. पण डबा मीच उघडला होता आणि गोळीही मीच काढली होती.

डबा म्हणजे कुठल्याशा दिवाळीत आलेला मिठाईचा पत्र्याचा डबा. झाकणावरचा मोर अर्धा खरवडलेला. आत थर्मामीटर, बाम, तळाशी साखर धरलेली खोकल्याची बाटली, आणि गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे. पुरतं पाकीट आमच्याकडे कधी नसायचंच. दुकानात जाऊन "चार द्या" म्हणायचं, दुकानदार कात्रीने चार कापून देतो. नाव कधी आपल्या तुकड्यावर येतं, कधी त्याच्याकडे राहतं. तारखेचंही तसंच. आम्ही गोळ्या ओळखायचो त्या कामावरून. तापाची, अंगदुखीची, गॅसची, उलटीची.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. नणंदेचा मुलगा बार्शीहून क्लाससाठी आमच्याकडे राहायला आला होता. सोळा वर्षांचा, शिडशिडीत, वजन पंचेचाळीस किलोच्या आतबाहेर. सोलापूरचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी दहालाच रस्त्यावर पाऊल ठेववत नाही. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पाणी आलं की हंडे, कळशा, पिंप, टाकी, दिसेल ते भरून ठेवायचं आणि पाचव्या दिवशी तळाचं पाणी गाळून वापरायचं. उन्हाळ्यात घरटी एकाला तरी जुलाब-उलट्या होतातच. आम्ही त्याला आजारही म्हणत नाही.

मंगळवारी दुपारी पोरगं क्लासमधून आलं ते मोरीकडेच धावलं. दोन उलट्या झाल्या. मी डबा उघडला. ह्यांना अर्धशिशीचा त्रास आहे. डॉक्टरांनी तेव्हा डोकेदुखीच्या गोळीबरोबर उलटीचीही गोळी दिली होती. त्यातल्या काही उरल्या होत्या. एक दुपारी दिली, एक रात्री, एक बुधवारी सकाळी. उलट्या थांबल्या. ताकभात खाल्ला त्याने. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी घरी आले तर तो कॉटच्या कडेला ताठ बसलेला. "मामी, मान वळंना," म्हणाला. मान डाव्या खांद्याकडे फिरलेली, हनुवटी वर. मला वाटलं पंख्याखाली झोपून अवघडली असेल. बाम घेऊन आले, तोवर डोळे वर गेले होते. म्हणजे पांढरे झाले असं नाही. बुबुळं दिसत होती, पण छताकडे लागलेली. "खाली बघ रे माझ्याकडे," म्हटलं. "बघता येईना मामी." बोलताना जीभ मध्येच बाहेर येत होती, जबडा एका बाजूला ओढला जात होता. आणि सगळ्यात भीती वाटली ती याची, की तो पूर्ण शुद्धीवर होता. त्याला सगळं कळत होतं, स्वतःची मान तेवढी स्वतःच्या ताब्यात नव्हती.

शेजारच्या अक्का धावत आल्या. पद्मशाली कुटुंब, तीन पिढ्या मागावर गेलेल्या, घरात तेलुगू आणि आमच्याशी त्यांचं खास सोलापुरी मराठी. "नजर लागलंय बघ पोराला," म्हणत त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्यासुद्धा. याची कुणी चेष्टा केलेली मला आवडत नाही. ओवाळणं झाल्यावर मिरच्या तशाच हातात धरून भर रस्त्यात रिक्षा अडवली ती अक्कांनीच. मी तोपर्यंत नुसती उभी होते.

दवाखान्यातला डॉक्टर अगदीच तरुण, आमच्या भाच्याचा मोठा भाऊ शोभावा असा. त्याने पोराकडे मिनिटभर पाहिलं, नाव विचारलं, इयत्ता विचारली. दोन्हींची उत्तरं आल्यावर त्याचा चेहरा सैल पडला. मग माझ्याकडे वळला.

"उलटीचं काही औषध दिलं होतं?"

"हो. गोळी दिली होती."

"कोणती?"

"उलटीची."

"उलटीचीच हो. पण कोणती?"

मी पुन्हा "उलटीची" म्हणणार होते. मग गप्प बसले.

घरी फोन केला. ह्यांनी डब्यातला तुकडा शोधला आणि वाचून दाखवला. कात्रीच्या पलीकडे जे गेलं ते गेलं; उरलेल्या चांदीवर एवढंच होतं: "…माइड टॅब्लेट्स". डॉक्टर म्हणाला, "मेटोक्लोप्रामाइड." त्याने पोराच्या दंडाला एक इंजेक्शन दिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. पंधराव्या मिनिटाला डोळे खाली आले. विसाव्या मिनिटाला मान हळूहळू, गंजलेलं कुलूप फिरावं तशी, सरळ झाली. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "मामी, भूक लागली."

मला तेव्हा रडू आलं.

डॉक्टरला बहुतेक माझी दया आली असावी. रात्र फार गर्दीची नव्हती, त्यामुळे त्याने समजावून सांगितलं आणि राहिलेलं मी पुढे वाचून काढलं. आपल्या मेंदूच्या तळाशी एक छोटीशी जागा असते, रक्तात काही विषारी आलं का ते हुंगणारी. मेंदूभोवती रक्तातल्या पदार्थांना अडवणारी जी भिंत असते, तिच्या बाहेर ही जागा आहे. आत बसून तिला वास कसा येणार? तिथे डोपामिन नावाच्या रसायनाचं काम चालतं. मेटोक्लोप्रामाइड ते काम अडवतं, म्हणून मळमळ थांबते. पण हे औषध भिंतीच्या आतही शिरतं, आणि आतमध्ये डोपामिनकडे वेगळंच खातं आहे: शरीराच्या हालचालींचा ताळमेळ. तो बिघडला की स्नायू आपापल्या मनाने ओढू लागतात. हे सगळ्यांना होत नाही. पण लहान मुलांना आणि तरुणांना जास्त होतं, आणि बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली या औषधाला कडक कुंपण घातलं: मोठ्या माणसालाही दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर नाही, पाच दिवसांपेक्षा जास्त नाही, एक वर्षाखालच्या बाळाला मुळीच नाही. अमेरिकेत तर २००९ पासून त्यावर सगळ्यात ठळक चौकटीतला इशारा छापतात, कारण महिनोन्‌महिने घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या नको त्या हालचाली कायमच्या मागे लागू शकतात.

मी पंचेचाळीस किलोच्या पोराला चोवीस तासांच्या आत ३० मिलिग्रॅम दिलं होतं. पदरचं, प्रेमाने.

आणि ते इंजेक्शन? ते होतं प्रोमेथाझिन. घाटात गाडी लागते म्हणून एसटीत बसण्याआधी जी गोळी घेतात, ती याच औषधाची. म्हणजे एका उलटीच्या गोळीने वाकडी केलेली मान दुसऱ्या उलटीच्या औषधानेच सरळ केली! पण ही दुसरीही काही निरुपद्रवी नाही. गुंगी आणते, त्यामुळे घेऊन गाडी चालवायची नाही. आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, कारण त्यांचा श्वास मंदावू शकतो. लग्नाला निघताना तान्ह्याला "चतकोर गोळी" चारणारे लोक मी पाहिलेत. आता दिसले की मध्ये तोंड घालते. भांडखोर म्हणतात, म्हणू देत.

मी सोळा वर्षं एका चादर कारखान्याच्या ऑफिसात आहे. आमच्या चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणूनच येतं. गठ्ठ्याला लेबल, लेबलवर नग, रंग, लॉट. लेबल नसलेला गठ्ठा मी गेटबाहेर जाऊ देत नाही. हमालाशी, मालकाशी, कुणाशीही वाद घालते. आणि घरात मात्र सोळा वर्षं बिनलेबलचा माल वाटत होते. त्या रात्री कॉटशेजारी खुर्चीत बसून हाच हिशेब डोक्यात घोळत होता.

पुढच्या वर्षी आईला कॅन्सर निघाला. त्याबद्दल फार लिहीत नाही. ती आता बरी आहे, विजापूर रोडला भावाकडे असते आणि सुनेच्या भाकरीला नावं ठेवते. पण किमोच्या त्या महिन्यांत उलटी या विषयातलं माझं शिक्षण पुरं झालं. तिला सिस्प्लॅटिन चालू होतं. उलट्या करवणाऱ्या औषधांत हे अव्वल. आधी काही दिलं नाही तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक लोकांना उलट्या होतात. एके काळी माणसं कॅन्सरपेक्षा या उलट्यांना कंटाळून उपचार सोडायची. मग ऑनडानसेट्रॉन आलं; अमेरिकेत त्याला १९९१ साली परवानगी मिळाली. याची वाट निराळी आहे. किमोचं औषध आतड्यातल्या काही पेशींना दुखावतं, त्या सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, आणि पोटातून मेंदूकडे जाणारी नस ती तक्रार वर पोचवते. ऑनडानसेट्रॉन त्या नसेचं दारच लावून घेतं. डोपामिनशी याचं काही देणंघेणं नसल्याने मान वाकडी होण्याची भीती फारच कमी. हे कळल्यावर मला केवढं हायसं वाटलं!

हायसं वाटणं फार दिवस टिकलं नाही. सिस्टरने किमोच्या आधी ईसीजी काढला, रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं. मी म्हटलं, उलटीच्या औषधाला ईसीजी? तर म्हणे हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. पोटॅशियम उतरलेलं असेल तर धोका वाढतो. आणि पोटॅशियम कशाने उतरतं? उलट्या-जुलाबांनीच. म्हणजे ज्याला औषधाची गरज सर्वांत जास्त, जपायलाही त्यालाच सर्वांत जास्त हवं. २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच कारणासाठी शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅमचा डोस देणं बंद करायला लावलं. सिस्टरने आणखी विचारलं, दुखण्यासाठी काही घेता का? आई म्हणाली, "ती पांढरी." मी पिशवीतून आख्खं पाकीट काढलं. ट्रामाडॉल निघालं. डॉक्टरांनी ते बदलून दिलं. दोन्ही एकत्र आली तर सेरोटोनिनचा गोंधळ होऊ शकतो, शिवाय वेदनाशामकाचा गुणही कमी पडतो. आईच्या "पांढरी"वर सोडलं असतं तर हे कुणाला कळणार होतं?

ऑनडानसेट्रॉनची गोळी जिभेवर विरघळणारी होती. आई ती मुठीत धरून कोरड्या भाकरीसारखी चघळायची. सिस्टरने दाखवलं: हात कोरडा, मागची पन्नी नखाने सोलायची, गोळी पन्नीतून दाबून काढायची नाही कारण ती भुसभुशीत असते, आणि जिभेवर ठेवून गप्प बसायचं. "गप्प बसायचं" हे आईला सगळ्यात अवघड गेलं.

चौथ्या दिवशी आईचं डोकं ठणकायला लागलं, आणि पोट तर किमोपासून साफच झालं नव्हतं. ती म्हणाली, "आजार आतड्यात उतरला ग." रात्रभर मीही तेच धरून बसले. सकाळी फोनवर डॉक्टर म्हणाले, डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ, ऑनडानसेट्रॉनचे हे दोन नेहमीचे त्रास. पोट साफ व्हायचं औषध दिलं, संध्याकाळपर्यंत आजार आतड्यातून वर आला. पण त्यांनी एक गोष्ट मात्र बजावली. पोट फुगलं, वायूसुद्धा सरेना, तर वाट बघायची नाही. कारण आतडं अडलेलं असलं तरी हे औषध उलटी दाबून ठेवतं आणि आतलं बाहेर कळत नाही.

दुसऱ्या किमोनंतर उशिराची मळमळ सुरू झाली, तिसऱ्या-चौथ्या दिवशीची. त्यावर ऑनडानसेट्रॉन तितकंसं चालत नाही. डॉक्टरांनी रात्री झोपताना ओलान्झापिन लिहून दिलं. भावाने मोबाइलवर बघितलं आणि त्याचा फोन आला, "अगं ही तर मानसिक आजाराची गोळी आहे! चुकून दिली का?" चुकून नव्हती. लहान मात्रेत, मोजक्या दिवसांसाठी, किमोच्या मळमळीवर ती खरोखरच वापरतात. पण भावाने नाव वाचलं, शंका आली, विचारलं. मी त्याला मनातून शाबासकी दिली, तोंडावर नाही. धाकटा आहे, शेफारतो.

नावं वाचायची सवय लागली की घरात कुणाची सुटका नसते. ह्यांची सकाळची कॅप्सूल घ्या. अनशापोटी, चहाच्या आधी, तीन वर्षं. "गॅसची आहे ग." पाकिटावर दोन नावं होती. पहिलं पँटोप्राझोल, ॲसिडचं. दुसरं डोम्पेरिडोन. म्हणजे उलटीचीच गोळी की, वेष पालटून आलेली! मेटोक्लोप्रामाइडची ही बरीच सौम्य बहीण. मेंदूच्या भिंतीआड फारशी जात नाही, म्हणून माना वाकड्या करत नाही. पण हृदयाच्या लयीचा प्रश्न हिलाही आहे, विशेषतः साठीच्या पुढे आणि मात्रा वाढली तर. २०१४ साली युरोपात सांगितलं गेलं, कमीत कमी मात्रा, आणि सहसा आठवड्याच्या वर नको. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची काही औषधं तिच्याबरोबर घ्यायची नाहीत, तीही ह्यांनी मधल्या काळात कितीदा घेतली असतील कोण जाणे. डॉक्टरांनी लिहून दिली होती पंधरा दिवसांसाठी. बाकीची तीन वर्षं आमची. त्यांच्याकडे परत गेलो तेव्हा त्यांनी चिठ्ठीवरची तारीख बघितली आणि नुसतं हसले. आता नुसती पहिली, तीही ठरावीक आठवडे, आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आत. ह्यांना जड गेलं ते हे साडेआठ.

एक गोष्ट मात्र त्या रात्रीच्या तरुण डॉक्टरने सांगितली ती राहून राहून आठवते. तो म्हणाला, मॅडम, त्याला त्या गोळीची गरजच नव्हती. दोन उलट्यांना पाणी पुरलं असतं. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी. पेल्यात अर्धी पुडी, साखर जास्त घाल, असलं काही नाही. त्यातलं मीठ-साखरेचं प्रमाण मोजून बांधलेलं आहे, तेवढं धरलं तरच आतडं पाणी ओढून घेतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने. आणि उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, पोटात असह्य कळ आली, डोक्याला मार लागलेला असला, माणूस बरळायला लागला, मधुमेही माणूस धापा टाकू लागला, किंवा सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, तर डबा उघडायचा नाही. रिक्षा बोलवायची.

मोराचा डबा अजून आहे. आतले तुकडे मी सगळे काढून टाकले. आता दुकानात कापून घ्यायची वेळ आली तर नावाचा आणि तारखेचा भाग माझ्या बाजूला ठेवायला सांगते. नाहीतर दुकानदाराच्याच पेनने कागदाच्या पाकिटावर लिहून घेते. तो वैतागतो. मागच्या वेळी म्हणाला, "मॅडम, चिठ्ठी कुठंय?" बरोबरच होतं त्याचं, या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात. मी घरी जाऊन चिठ्ठी आणली. उन्हातून, चालत.

गेल्या महिन्यात अक्का दारात आल्या. नातू दीड वर्षाचा, सकाळपासून तीनदा ओकलेला. "उलटीचं गोळी हाय का ग? तुझ्याकडं डबा हाय की." मी पोराला बघून आले. खेळत होतं, डोळ्यांत पाणी होतं, तोंड ओलं होतं. मी ओआरएसची पुडी दिली. अक्कांचं तोंड एवढंसं झालं.

"गोळी दे म्हटलं तर पुडी देतीस?"

"गोळी नाही देणार अक्का. चमच्याने हे पाजा. आणि लघवी करतोय का बघत राहा. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर मी येते, आपण दवाखान्यात नेऊ."

"लिटर किती म्हणजे? आमचा तांब्या लिटरचा नाही."

मी फ्रिजमधली पाण्याची लिटरची बाटली रिकामी करून त्यांच्या हातात दिली. त्या पुटपुटत गेल्या, बहुधा तेलुगूत, बहुधा माझ्याबद्दल.

संध्याकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली. अक्का उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"मुतला," म्हणाल्या, आणि बाटली परत देऊन गेल्या.